दर दहा सेकंदांनी एकदा : क्वांटम संगणकातील एका सामूहिक त्रुटीचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलच्या क्वांटम संगणन गटाचा एक शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या सारांशातले एक वाक्य मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दोनदा वाचायला सांगतो. एकच माहिती २५ क्यूबिटांवर (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट, माहितीचा मूळ घटक) पुनरावृत्त करून साठवायची आणि २४ साहाय्यक क्यूबिटांकरवी तिची सतत पडताळणी करायची, असा तो प्रयोग होता. त्यात दुरुस्तीनंतरही उरलेल्या चुकांचे प्रमाण पडताळणीच्या दर दहा लाख फेऱ्यांमागे १.७ इतके निघाले, असे ते वाक्य सांगते. त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की ही मर्यादा एकाच उच्च-ऊर्जा घटनेमुळे आली आहे आणि ती घटना वगळली तर हे प्रमाण दर एक कोटी फेऱ्यांमागे १.६ वर येते.

दोन आकड्यांत दहापटीचे अंतर आहे आणि त्या अंतराचे कारण म्हणजे संपूर्ण प्रयोगात एकदाच घडलेली एक घटना. प्रयोगशाळेत काम केलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. हजारो बिंदू शिस्तीत एका रेषेवर बसलेले असतात आणि एकच बिंदू रांग सोडून दूर उभा असतो. तो वगळण्याची सोय संख्याशास्त्रात आहे, वगळल्याची तळटीप देण्याचीही रीत आहे. या गटाने मात्र वाईट आकडा आधी लिहिला आणि चांगला आकडा त्याच्यामागे, अट घालून लिहिला. क्वांटम संगणनात संशोधक म्हणून काम करणे म्हणजे रोज नेमके काय करणे, हे समजून घेण्यासाठी मला या एका घटनेपेक्षा चांगले प्रकरण माहीत नाही. कारण ती घटना काय आहे, हे त्या दिवसापर्यंत त्यांना ठाऊक झालेले होते आणि ते ठाऊक होण्यामागे निरनिराळ्या गटांचे काही वर्षांचे काम होते. त्या कामाची ही मांडणी आहे.

स्वतंत्र चुकांचे गृहीतक

अतिसंवाहक क्यूबिट (अतिसंवाहक म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला विरोध न करणारा) हा ॲल्युमिनियमच्या पातळ थरांनी सिलिकॉनच्या चकतीवर घडवलेला एक विद्युत परिपथ असतो. त्याच्या मध्यभागी जोसेफसन संधी असते, म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पडदा. निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या तापमानात हा परिपथ एखाद्या अणूसारखा वागतो. त्याच्या दोन सर्वांत खालच्या ऊर्जापातळ्यांना आपण ‘शून्य’ आणि ‘एक’ म्हणतो. परिपथालाही अशा सुट्या ऊर्जापातळ्या असतात, हे दाखवणाऱ्या १९८०च्या दशकातील प्रयोगांसाठी जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मार्टिनिस यांचे नाव या प्रकरणात पुढे पुन्हा येणार आहे.

अडचण अशी की हा कृत्रिम अणू चुकतो. आजच्या चांगल्या यंत्रांतही हजार क्रियांमागे एक-दोन चुका होतात. उपयुक्त गणितांना अब्जावधी क्रिया लागतात. क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये केलेल्या अंदाजानुसार गुप्त संदेशांसाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीतली २०४८ बिटांची संख्या फोडायला दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील. आठ तास चुका न होऊ देता यंत्र चालवण्याचा एकमेव ज्ञात मार्ग म्हणजे त्रुटिदुरुस्ती : एक माहिती अनेक क्यूबिटांत पसरून ठेवायची, ठरावीक अंतराने पडताळणी करायची आणि कुणी चुकले असेल तर बहुमताने ओळखायचे. सिद्धान्त सांगतो की प्रत्येक क्यूबिटाच्या चुकीचे प्रमाण एका मर्यादेखाली असेल तर क्यूबिटांची संख्या वाढवत नेली की उरलेली चूक झपाट्याने, घातांकी वेगाने कमी होत जाते.

या सिद्धान्ताच्या पायाशी एक गृहीतक आहे. चुका बहुतांशी एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात, किंवा त्यांचा संबंध असलाच तर तो जवळच्या शेजाऱ्यांपुरता असावा. ते का आवश्यक आहे, हे गणिताशिवायही कळते. गावाला महत्त्वाचा निरोप पोचवायचा आहे म्हणून आपण तो पाच जणांकडे दिला. त्यांतला एखाददुसरा विसरला, एखादा वाटेत थांबला, तरी निरोप पोचतो. पण पाचही जण एकाच एसटीने निघाले आणि ती एसटी घाटात बंद पडली, तर निरोप पाच जणांकडे देऊन काहीच साधत नाही आणि पन्नास जणांकडे दिला असता तरी साधले नसते. त्रुटिदुरुस्तीच्या आलेखात ही स्थिती नेमक्या एका खुणेने दिसते : क्यूबिट वाढवत गेल्यावर चुकांचे प्रमाण उतरत जाते, आणि मग एका पातळीवर येऊन सपाट होते. त्या सपाट रेषेला संशोधक ‘तळ’ म्हणतात. तळ दिसला की समजायचे, सगळ्या क्यूबिटांना एकाच वेळी गाठणारे काहीतरी तिथे आहे.

शिशाची भिंत

अतिसंवाहक धातूत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वावरतात. त्यांना कूपर जोड्या म्हणतात. जोडी तुटून सुटे झालेले इलेक्ट्रॉन, ज्यांना या क्षेत्रात क्वासीपार्टिकल म्हणतात, क्यूबिटाला घातक असतात. असा एखादा सुटा इलेक्ट्रॉन जोसेफसन संधीतून पलीकडे जाताना क्यूबिटाची ऊर्जा उचलून नेतो आणि ‘एक’चा ‘शून्य’ होतो. इतक्या कमी तापमानात उष्णतेने जोड्या तुटण्याची शक्यता नगण्य असते. हिशेबाने चिपवर सुटे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसायलाच हवेत. पण वर्षानुवर्षे मोजमापांत ते आढळत होते, आणि तेही हिशेबापेक्षा कित्येक पटींनी अधिक. कुणी बाहेरून शिरणाऱ्या अवरक्त किरणांना दोष देई, कुणी तारांमधून येणाऱ्या गोंगाटाला, आणि दोन्हींमध्ये तथ्य होतेच, म्हणून गाळण्या वाढल्या, काळे रंग लागले, डब्यात डबा बसवला गेला. तरीही काही भाग शिल्लक राहत होता.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये विल्यम ऑलिव्हर यांच्या क्यूबिट गटाने न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म, क्वचितच कशाशी टक्कर घेणाऱ्या कणांवर काम करणाऱ्या जोसेफ फॉर्माजिओ यांच्या गटाबरोबर आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांबरोबर ही शंका तपासायला घेतली की उरलेले काम किरणोत्सर्गाचे तर नाही? पृथ्वीवरच्या प्रत्येक भिंतीत, काँक्रीटमध्ये, जमिनीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे अंश असतात आणि त्यांतून गॅमा किरण बाहेर पडत असतात. वरून विश्वकिरणांपासून, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांपासून, वातावरणात उत्पन्न होणारे म्यूऑन हे भेदक कण येतच असतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक.

त्यांनी तांब्याचा एक तुकडा अणुभट्टीत ठेवून किरणोत्सर्गी केला. त्यात तयार झालेल्या तांबे-६४ या समस्थानिकाचा अर्धायुकाल १२.७ तास असतो. तो शीतयंत्रात क्यूबिटांजवळ बसवून, किरणोत्सर्ग जसजसा ओसरेल तसतसे क्यूबिटाचे आयुष्य, म्हणजे तो ‘एक’ या अवस्थेत सरासरी टिकतो तो काळ, कसे वाढते, हे ते नोंदवत गेले. संबंध स्पष्ट निघाला. मग उलट दिशेचा प्रयोग हवा होता, म्हणजे नैसर्गिक किरणोत्सर्ग कमी केल्यावर क्यूबिट सुधारतो का. त्यासाठी शिशाच्या विटांची सुमारे दोन टन वजनाची भिंत उचलयंत्रावर उभारली गेली आणि ती शीतयंत्राभोवती वर-खाली करता येईल अशी सोय झाली. दर दहा मिनिटांनी बटण दाबून भिंत चढवायची किंवा उतरवायची, हे काम विद्यार्थ्यांनी आळीपाळीने कित्येक आठवडे केले.

या भिंतीजवळ थोडे थांबले पाहिजे. क्वांटम संगणनातील संशोधक म्हटले की फळ्यावरची समीकरणे डोळ्यांपुढे येतात. पण या क्षेत्रातले फार मोठे काम या बटणासारखे असते. एकदाच भिंत उभारून आधीचे आणि नंतरचे मोजमाप का पुरले नसते? कारण क्यूबिटाचे आयुष्य स्वतःहूनच तासातासाला खाली-वर होत असते आणि शोधायचा फरक त्या चढउतारापेक्षा कितीतरी लहान होता. सावकाश होणारा तो बदल रद्द करायचा, तर भिंतीची अवस्था त्याहून जलद आणि पुन्हा पुन्हा बदलावी लागते. दहा मिनिटांचा काळ निवडण्यामागे हे कारण आहे. ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की किरणोत्सर्गापासून संरक्षण केले नाही तर अशा क्यूबिटांचे आयुष्य काही मिलिसेकंदांपलीकडे जाणार नाही. त्या वेळच्या क्यूबिटांचे आयुष्य इतर कारणांमुळे याच्या शतांशाइतकेच होते, त्यामुळे अनेकांना हा प्रश्न अजून दूर असल्यासारखे वाटले. मार्टिनिस यांनी मात्र २०२१ मध्ये लिहिलेल्या लेखात धोका सरासरी आयुष्याचा नसून एकाच वेळी अनेक क्यूबिट मारले जाण्याचा आहे, हे स्पष्टपणे मांडले. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट मॅकडर्मट यांच्या गटाने चार क्यूबिटांच्या चिपवर ते दाखवूनही दिले. शेकडो मायक्रोमीटर अंतरावरच्या क्यूबिटांवरील विद्युतभार एकाच क्षणी उडी घेत होता.

शंभर मायक्रोसेकंदांची घडी

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. गूगलच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत सिकॅमोर या प्रोसेसरवर हीच शंका तपासायची होती, पण तिथे प्रश्न वेगळा होता : मोठ्या चिपवर, खऱ्या संगणनाच्या वेगाने, या घटना कशा दिसतात?

त्यांनी २६ क्यूबिट निवडले. सगळे एकदम ‘एक’ या अवस्थेत न्यायचे, एक मायक्रोसेकंद थांबायचे, सगळे एकदम मोजायचे, आणि हेच दर १०० मायक्रोसेकंदांनी पुन्हा करायचे. एवढाच प्रयोग. त्यात ना गुंतागुंतीचा परिपथ, ना गुंतलेल्या अवस्था. मला या साधेपणाबद्दल मनापासून आदर आहे, कारण त्यातली प्रत्येक निवड विचाराने केलेली आहे. ‘एक’ ही वरची ऊर्जापातळी; सुटे इलेक्ट्रॉन ऊर्जा ओढून नेतात, म्हणून त्यांचा हल्ला दिसायचा तर क्यूबिट वरच्या पातळीवरच उभा असायला हवा. एक मायक्रोसेकंदाची थांबण्याची वेळ क्यूबिटाच्या नेहमीच्या आयुष्याच्या मानाने इतकी लहान आहे की एरवी २६ पैकी मोजकेच क्यूबिट पडतील, म्हणजे ‘एक’वरून ‘शून्य’वर येतील. पण आयुष्य अचानक आखडले तर तेवढ्या वेळात बहुतेक सगळे पडतील. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सरासरी काढायची नाही. प्रत्येक १०० मायक्रोसेकंदांना किती क्यूबिट एकत्र पडले, तो आकडा जसाच्या तसा काळाच्या अक्षावर मांडायचा.

तो आलेख पाहिला की शब्दांची फारशी गरज उरत नाही. खाली एक दाट, शांत पट्टा, आणि त्यातून मधूनमधून उभे राहणारे सुळके. सुळका चढतो तो एका झटक्यात, आणि उतरतो तो सावकाश, सुमारे २५ मिलिसेकंदांच्या कालांकाने, म्हणजे तेवढ्या वेळात साधारण एक-तृतीयांशावर येत. सरासरी दर दहा सेकंदांनी एक. अधिक जलद मोजमाप केल्यावर हेही दिसले की घटनेची सुरुवात चिपच्या एका ठिकाणी, थोड्या क्यूबिटांवर होते आणि तिथून ती चिपभर पसरते. विजेच्या तारेतला गोंगाट असता तर तो असा एका बिंदूपासून पसरला नसता. एखादा कण सिलिकॉनवर आदळतो, वाटेत इलेक्ट्रॉन सुटे करतो, त्यांची ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत, म्हणजे फोनॉनांत बदलते, ही कंपने सिलिकॉनभर धावतात आणि ॲल्युमिनियमच्या थरांत शिरून कूपर जोड्या तोडतात : या साखळीचे चित्र त्या पसरण्यात डोळ्यांसमोर उमटले होते.

आकड्यांचा अंदाज घेऊ. कूपर जोडी तोडायला साधारण ०.४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनमधून सरळ पार जाणारा म्यूऑन मागे सुमारे दोन लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवून जातो. सगळी ऊर्जा जोड्या तोडण्यात गेली असे क्षणभर धरले तर एक म्यूऑन पन्नास कोटी जोड्या तोडू शकतो. प्रत्यक्षात त्यातला अंशच ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो. पण क्यूबिटाला तो अंशही पुरून उरतो.

मग इतकी वर्षे हे नजरेतून सुटले कसे? याचे उत्तर वर दिलेल्या दोन आकड्यांतच आहे. दहा सेकंदांत २५ मिलिसेकंद म्हणजे एकूण वेळेचा चारशेवा हिस्सा. क्यूबिटाचे आयुष्य मोजण्याची नेहमीची पद्धत अशी की तोच प्रयोग हजारो वेळा करायचा आणि सरासरी घ्यायची. त्या सरासरीत हजारांत अडीच इतका बिघाड कुणाला दिसणार, आणि दिसला तरी कोण त्याचा पाठपुरावा करणार? सरासरी ही या क्षेत्रातली रोजची भाषा आहे आणि हा बिघाड त्या भाषेत बोलतच नव्हता. पण त्रुटिदुरुस्तीच्या बाजूने पाहा. पडताळणीची एक फेरी साधारण एका मायक्रोसेकंदात होते, तेव्हा २५ मिलिसेकंद म्हणजे सुमारे पंचवीस हजार फेऱ्या सलग बुडाल्या. आठ तासांच्या गणितात, दर दहा सेकंदांना एक या दराने, एका चिपवर अशा घटना जवळजवळ २,८८० वेळा घडतील. त्यातली एकही घटना पचवण्याची ताकद नेहमीच्या दुरुस्तीत नाही. चारशेव्या हिश्शाचा बिघाड संपूर्ण योजना हाणून पाडतो, हे समजल्यावर प्रश्नाचे वजनच बदलले.

भिंतीतून येणारे आणि आकाशातून येणारे

२६ क्यूबिटांच्या या प्रयोगावरील गूगलच्या निबंधाचे शीर्षक विश्वकिरणांचे नाव घेते, आणि तेच नाव पुढे बोलण्यात रुळले. पण साधा हिशेब केला तरी शंका येते. एक चौरस सेंटिमीटरच्या चिपवर मिनिटाला एक म्यूऑन पडेल. घटना तर मिनिटाला सहा आहेत. उरलेल्या कुठून येतात?

याचे थेट उत्तर एमआयटीच्याच एका पुढच्या प्रयोगाने दिले. दहा क्यूबिटांच्या चिपवरील सामूहिक त्रुटी आणि शीतयंत्राजवळ ठेवलेल्या प्रस्फुरक शोधकांतून (कण आरपार गेला की चमकणाऱ्या उपकरणांतून) जाणारे विश्वकिरण एकाच घड्याळाने नोंदवले गेले. कोणत्या त्रुटींच्या नेमक्या त्याच क्षणी शोधकातही नोंद झाली, हे पाहायचे होते. त्या चिपवर विश्वकिरणांमुळे होणारी घटना सरासरी ५९२ सेकंदांनी एकदा आली आणि एकूण सामूहिक घटनांत तिचा वाटा सुमारे १७ टक्के भरला. चिप वेगळी, आकार वेगळा, म्हणून या टक्केवारीची गूगलच्या चिपशी सरळ तुलना करू नये. तरी निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे : बहुतेक घटनांचा उगम आकाशात नसून आसपासच्या साहित्यातील किरणोत्सर्गात असला पाहिजे. उपाय ठरवताना या फरकाला फार किंमत आहे, कारण गॅमा किरण शिसे अडवते. म्यूऑन मात्र शिशाच्या भिंतीला जुमानत नाही, त्याच्यासाठी डोंगर लागतो.

इथे आपल्याकडचा एक दुवा आठवल्याशिवाय राहत नाही. दोन शोधकांत एकाच क्षणी नोंद झाली तरच ती घटना खरी मानायची, ही पद्धत विश्वकिरणांच्या संशोधनातली जुनी पद्धत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ते एके काळचे मुख्य काम होते. संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्ये विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला होता. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत निरनिराळ्या खोलीवर शोधक उतरवून म्यूऑन मोजले, आणि १९६५ मध्ये त्याच खाणीत वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद केली. आज त्याच संस्थेच्या कुलाब्यातील इमारतीत आर. विजयराघवन यांच्या प्रयोगशाळेत अतिसंवाहक क्यूबिट घडवले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची आरंभापासून शेवटपर्यंतची चाचणी पूर्ण झाली. नियंत्रण व मोजमापाची यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेने जुळवली होती आणि क्लाउडवरून वापरण्याची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केली होती. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे अशी यंत्रे वाढतील. एकाच छताखाली म्यूऑन ओळखणारी जुनी विद्या आणि म्यूऑनने बिघडणारी नवी यंत्रे असणे, ही माझ्या मते मोठी जमेची बाजू आहे. क्यूबिटांच्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कण-भौतिकीचा एखादा शोधक स्वतःच्या हाताने जोडून पाहावा, असा माझा आग्रह त्यातूनच आला आहे. हे प्रकरण उलगडले ते मुळात न्यूट्रिनोवाले आणि क्यूबिटवाले एका टेबलाशी बसले म्हणून.

संधीतली पायरी

उपायांच्या वाटा अनेक निघाल्या. इटलीत ग्रान सास्सो पर्वताखाली, १.४ किलोमीटर खडकाच्या आड अतिसंवाहक परिपथ नेऊन ते सुधारतात, हे दाखवले गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातील गटाने चिपच्या पाठीमागे तांब्याची बेटे चढवून धावत्या फोनॉनांची ऊर्जा जोडी तोडण्याच्या मर्यादेखाली उतरवली. दोन्ही कामे चांगली आहेत. परंतु प्रत्येक क्वांटम संगणक खाणीत ठेवणे व्यवहार्य नाही, आणि मला सर्वांत समाधानकारक वाटलेली वाट वेगळीच आहे. तिने कणाला अडवण्याचा प्रयत्नच सोडून दिला.

जोसेफसन संधी घडवताना ॲल्युमिनियमची वाफ चकतीवर एका कोनातून बसवतात, मग कक्षात थोडा प्राणवायू सोडून तिच्यावर ऑक्साइडचा पडदा धरू देतात, आणि मग दुसऱ्या कोनातून ॲल्युमिनियमचा दुसरा थर देतात. थर जितका पातळ, तितकी त्या ॲल्युमिनियमची ऊर्जादरी मोठी, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनाला तिथे राहायला अधिक ऊर्जा लागते. हा ॲल्युमिनियमचा जुना ठाऊक असलेला गुण आहे. तेव्हा एक थर पुरेसा पातळ आणि दुसरा जाड ठेवला तर संधीच्या दोन बाजूंमध्ये एक पायरी तयार होते. सुटा इलेक्ट्रॉन खालच्या बाजूला उतरतो आणि तिथेच राहतो. वर चढायला त्याला ऊर्जा हवी. ती क्यूबिटाकडून उचलायची म्हटली तर क्यूबिटापाशी असते सुमारे वीस-पंचवीस मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. पायरी याहून उंच ठेवली की क्यूबिटाची सगळी ऊर्जा घेऊनही इलेक्ट्रॉनाला पलीकडे जाता येत नाही, आणि पलीकडे जाता येत नाही म्हणून तो ती ऊर्जा घेऊच शकत नाही. कण आदळतो, जोड्या तुटतात, चिपभर सुटे इलेक्ट्रॉन होतात, आणि क्यूबिट तरीही आपल्या जागी उभा राहतो.

पायरीची कल्पना नवी नव्हती. क्यूबिटांच्या आधीच्या पिढीतल्या उपकरणांत ती वापरली गेली होती. नवे होते ते तिच्या उंचीचे माप ठरवणे. ते माप ठरवता आले, कारण दर १०० मायक्रोसेकंदांच्या त्या साध्या प्रयोगामुळे शत्रू कोण आणि तो कोणत्या दारातून शिरतो, हे निश्चित कळले होते. २०२४ मध्ये गूगलच्याच गटाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात, पुरेशी उंच पायरी असलेल्या क्यूबिटांवर अशा आघातांचा परिणाम फार मोठ्या प्रमाणात दबतो, हे थेट मोजून दाखवले. एरवी थरांची जाडी हा कारखान्याच्या कृतिपत्रिकेतला एक आकडा असतो. एका त्रुटीचा माग शेवटी काही नॅनोमीटरच्या त्या आकड्यापर्यंत जाऊन पोचला, ही मला या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तासाला एकदा

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या विलो या १०५ क्यूबिटांच्या प्रोसेसरवरील निबंध प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांनी उचलली ती बातमी अशी होती की क्यूबिटांचे जाळे एकेक पायरीने मोठे केले की उरलेली चूक दर वेळी निम्म्याहून कमी होते. घटीचा तो गुणांक २.१४ आणि सर्वांत मोठ्या जाळ्यात दर फेरीला उरलेली चूक ०.१४३ टक्के. त्या यशाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्याने २०२३ चे ते वाक्य लक्षात ठेवले आहे, तो निबंधाचा दुसरा भाग आधी उघडतो. तिथे पुनरावृत्तीचा तोच जुना प्रयोग २९ क्यूबिटांपर्यंत वाढवून पुन्हा केलेला आहे. दहा लाखांत एकाच्या आसपासचा तळ नाहीसा झाला आहे. आलेख खाली, आणखी खाली उतरत जातो, आणि एक हजार कोटी फेऱ्यांमागे एक चूक या पातळीच्या आसपास पुन्हा सपाट होतो.

म्हणजे नवा तळ. हा तळ ज्या सामूहिक घटनांमुळे पडतो त्या साधारण तासाला एकदा, म्हणजे तीनशे कोटी फेऱ्यांना एकदा घडतात, अशी नोंद निबंधात आहे, आणि ती नोंद इथेही सारांशातच केलेली आहे. दहा सेकंदांवरून एक तास ही मोठी मजल आहे. तरीही आठ तासांच्या गणितात ही घटना आठ वेळा येणारच. तिची वागणूक आधीच्या आघातांपेक्षा वेगळी आहे : ती शेकडो मायक्रोसेकंदांत ओसरते, २५ मिलिसेकंद रेंगाळत नाही. तेव्हा जुनेच कारण नव्या रूपात आले आहे असे धरून चालता येत नाही, शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो.

आणि हा शोध आधीच्यापेक्षा अवघड आहे, त्याचे कारण भौतिकशास्त्रापेक्षा वेळापत्रकात अधिक आहे. दहा सेकंदांनी येणाऱ्या शंभर घटना गोळा करायला सतरा मिनिटे पुरत होती. दुपारच्या जेवणाआधी एक अंदाज बांधावा, जेवणानंतर काही बदलून पुन्हा मोजावे, इतक्या वेगाने विचार करता येत होता. तासाने येणाऱ्या शंभर घटनांसाठी शंभर तास, म्हणजे चार दिवसांहून अधिक काळ तेच शीतयंत्र, तीच चिप, काहीही न हलवता लागते, आणि एक गोष्ट बदलून पाहायची तर आणखी चार दिवस. त्या शीतयंत्रावर गटातल्या इतर सगळ्यांचेही प्रयोग रांगेत उभे असतात. ते चार दिवस मागायला जाणाऱ्या संशोधकाजवळ त्या क्षणी दाखवायला असतो तो फक्त एक आलेख, त्याच्या खालच्या टोकाशी सपाट झालेली रेषा, आणि ती तिथे का आहे हा प्रश्न.